गुरुवार, २८ तारीख

नाशिकरोड
रविवार, २४ मे २०२६

चि. निखिल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र डब्यात सगळ्यात वर ठेवतेय, म्हणजे अनारशांपर्यंत पोचायचं तर आधी हे हातात येईल. शेजारचा यश उद्या पहाटेच्या बसने पुण्याला परत चाललाय, त्याच्याकडे डबा दिलाय. त्याला म्हटलं, आडवा करू नको. तो हो म्हणाला, पण त्याची सॅक बघता आडवा होणारच.

फोनवर तू माझ्याशी बोलत नाहीस म्हणून पत्र. बाबांशी बोलतोस ते कळतं. पंचवीस मिनिटं गॅलरीत उभे राहून बोलतात आणि आत येऊन मला सांगतात, "बरा आहे." त्यातली तेवीस मिनिटं आयपीएल असणार, उरलेल्या दोन मिनिटांत तुम्ही काय बोलता ते देव जाणे.

आधीच लिहून टाकते की या पत्रात इंजेक्शनचा विषय नाही. तुझं तू बघतोस, मोठा आहेस, तीस वर्षांचा घोडा झालास. मला फक्त त्या रविवारचं बोलायचं आहे.

तुझं म्हणणं, मी चारचौघांत तुझी बाही वर करून दाखवली. केली. कबूल. शोभामावशी होती, ताई होती, अधिकाचा पहिला दिवस म्हणून जावई जेवायला आले होते, आणि मी सगळ्यांसमोर तुझा हात धरून "बघा, बघा दात कुठे रुतलेत" असं केलं, जसं काही बाजारात भोपळा दाखवतेय. तू ताट सरकवून उठलास. आमरसाची वाटी तशीच राहिली, आणि ती रात्री बाबांनी खाल्ली, शुगर असून. त्याचा राग मला नाही. तू जाता जाता चपला घालताना जे बोललास ते मात्र आठ दिवस कानात आहे. "आई, मी बापूमामा नाही."

नाहीसच. मला कळतं ते.

पण मी अशी का वागते तेही तुला ठाऊक असायला हवं. प्रेसमध्ये माझी अठ्ठावीस वर्षं पासपोर्टची पानं तपासण्यात गेली. छपाई फिकी आहे, शाई पसरली आहे, पान तिरकं बसलंय, दोष दिसला की बाजूला. संध्याकाळी गेटवर झडती देऊन बाहेर पडायचे, पण डोळे काही गेटवर ठेवून येता येत नव्हते. घरी आल्यावर तुमच्या वह्या, बाबांच्या शर्टाची बटणं, तांदळातले खडे. ताई म्हणायची, आई जेवायला बसली की आमटीचं इन्स्पेक्शन होतं. दोष दिसल्याशिवाय मला राहवत नाही, आणि दिसला की तोंड बंद ठेवता येत नाही. दुसरं जरा शिकायला हवं होतं.

परागच्या आईनं त्याच्या बालीतल्या लग्नाचा तो शनिवारचा फोटो पाठवला तेव्हा आमच्या ग्रुपवर सगळ्या बायका एमिलीची पैठणी बघत होत्या. ऑस्ट्रेलियाची मुलगी येवल्याची पैठणी नेसली म्हणून कौतुकच कौतुक. मागे तो समुद्र, कड्याच्या टोकावरचा मांडव, आणि मधे आपला अंतरपाट. माझ्या लग्नातला, मग ताईच्या लग्नातला. परागच्या आईनं मागितला तेव्हा मला केवढं बरं वाटलं होतं. तर सगळे पैठणी बघतायत आणि मी बघतेय तुझी डावी बाही. कुडत्याची बाही मनगटापाशी बारीक आणि वर फुगलेली. उजवी तशी नाही. मोठा करून पाहिला फोटो. आत पट्टी होती.

तुला फोन केला तर म्हणालास, "काही नाही गं, खरचटलंय." मग मी परागच्या आईला फोन केला. तिथे आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतं हे माझ्या लक्षात राहिलं नाही, ती बिचारी झोपली होती. झोपेतच तिनं सगळं सांगितलं. "अहो, माकड चावलं ना त्याला! इतके हसलो आम्ही!"

इतके हसले.

आता मलाही हसू येतं, खोटं कशाला बोलू. अंजनेरी इथून दिसते म्हणायला हरकत नाही एवढ्या अंतरावर. हनुमानाच्या जन्मस्थानाजवळचा मुलगा, आणि त्याला बालीत जाऊन माकड चावलं. तेही चष्म्यासाठी. उलुवाटूच्या देवळातली माकडं चष्मे पळवतात आणि खायला दिलं की परत देतात, हे तू बाबांना नंतर रंगवून सांगितलंस. म्हणजे तिथल्या माकडाला व्यवहार कळतो, आणि तू इंजिनिअर होऊन त्याच्या हातातून चष्मा ओढायला गेलास. एक केळं द्यायचं होतंस. तू पाच वर्षांचा असताना वणीच्या गडावर माकडानं आपली प्रसादाची पिशवी नेली होती, आठवतं? मी काठी घेऊन मागे धावले, आणि तू म्हणालास, "घेऊ दे ना आई, त्याला भूक लागली असेल." तेव्हा तुला जास्त अक्कल होती.

आणि संध्याकाळी त्याच देवळात तो केचक का काय नाच बघितलात, शेकडो... की पन्नास, बाबांना नीट सांगता आलं नाही... पुरुष गोलात बसून "चक चक" करतात आणि मधे रामायण चालतं. सीतेचं हरण दाखवलं म्हणालास. मी बाबांना म्हटलं, बघा, पंचवटीत आपल्या बसनं पाऊण तासावर घडलेली गोष्ट बघायला हा समुद्र ओलांडून गेला. सीतागुंफेत तू दहावीपासून पाऊल ठेवलेलं नाहीस. (हे सहज लिहिलं. टोमणा नाही.)

पण नाच बघितलास तो चावल्यावर की आधी? हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. आधी असेल असं धरून चालतेय.

त्या एमिलीच्या आईला माझा नमस्कार कळव. नर्स आहे ना ती? तिनंच तुला नळाखाली धरून पंधरा मिनिटं साबणानं हात धुवायला लावला, घड्याळ लावून, आणि तसाच गाडीत घालून दवाखान्यात नेला. आपले डॉक्टर म्हणाले, निम्मं काम त्या साबणानं झालं. मी तिथे असते तर काय केलं असतं सांगू? हळद भरली असती. डॉक्टरांना तसं म्हटलं तर ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "ताई, हळद नाही, चुना नाही, मिरची तर मुळीच नाही. नुसता साबण आणि वाहतं पाणी." मिरची म्हटल्यावर मी गप्प झाले. बापूच्या पायात मिरचीच भरली होती.

बिलाचं हसू मात्र खरंच येतं. बाबांना तू विम्यासाठी कागद पाठवलेस, त्यावर ९.०००.००० असं लिहिलेलं. मला वाटलं, नऊ रुपये. म्हटलं, देश चांगला दिसतो. मग बाबा म्हणाले, तिकडे स्वल्पविरामाच्या जागी टिंब देतात, हे नव्वद लाख आहेत. मी खाली बसले. चटई पण नव्हती. नव्वद लाख! जेल रोडला फ्लॅट येतो. त्यांनी मोबाइलवर हिशेब करून दाखवेपर्यंत माझा जीव जाग्यावर नव्हता. पन्नास हजारांच्या आत निघाले. तेही कमी नाहीत, पण जखमेभोवती जे सीरम टोचलं त्याचेच बहुतेक पैसे, आणि डॉक्टर म्हणतात ते दिलं हे फार चांगलं झालं. लस अंगात काम सुरू करेपर्यंत काही दिवस जातात, तोवर ते सीरम राखण करतं. पैशाचं काही म्हणत नाही मी. विमा काढला होतास म्हणून एवढं तरी परत येईल. मूळ बिलं हरवू नकोस, झेरॉक्सवर ते लोक ऐकत नाहीत. डॉक्टरांची चिठ्ठी जोड. पासपोर्टच्या पानांची प्रतही मागतील.

पासपोर्टवरून आठवलं. तू घरी आलास त्या रात्री, तू झोपल्यावर, मी तुझ्या बॅगेतून पासपोर्ट काढून पाहिला. बॅग उचकली असं म्हणू नकोस, वरच्या कप्प्यातच होता. २०२३ साली तो पुण्याहून पोस्टानं आला तेव्हा मी नोकरीत होते. कोरी पुस्तिका आमच्या नाशिकरोडहून गेलेली, पुण्याला तुझं नाव छापून परत नाशिकरोडला. कदाचित माझ्याच टेबलावरून गेली असेल, कदाचित शेजारच्या बाईच्या. छत्तीस पानं. तेव्हा छत्तीसच्या छत्तीस कोरी होती. आता त्यावर मुंबईहून निघाल्याचा शिक्का आहे, जरा तिरका, शाई एका बाजूला जास्त. आमच्याकडे असं पान बाजूला काढलं असतं. मी मात्र त्यावर हात फिरवला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या प्रवासाची पानं मोजली रे, आपल्या घरातल्या कुणाच्या पानावर शिक्का बघितला नव्हता.

आत राष्ट्रपतींच्या नावानं जे छापलेलं असतं ते मला पाठ आहे. की धारकाला विनाअडथळा जाऊ द्यावं आणि लागेल ती मदत आणि संरक्षण द्यावं. किती हजार वेळा नजरेखालून गेलं, पण ती विनंती कुणाला तरी आपल्या पोरासाठी केलेली आहे हे त्या रात्री पहिल्यांदा डोक्यात आलं. माकडाला वाचता येत नाही त्याला राष्ट्रपती तरी काय करणार.

बरं. आता विषय निघालाच आहे तर एवढंच, आणि मग पुन्हा नाही.

मला आधी गोंधळ वाटला होता. आपल्याकडे कुत्रं चावलं की दंडात पाच इंजेक्शनं देतात हे मला माहीत. चावल्याच्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी. तुझ्या तिकडच्या कागदावर चारच. पहिल्या दिवशी दोन्ही दंडात एकेक, मग सातव्या दिवशी एक, एकविसाव्या दिवशी एक. मला वाटलं परदेशी माणूस बघून एक गाळलं. डॉक्टरांना कागद दाखवला तर म्हणाले, ही झाग्रेब पद्धत, तीही जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलेली आहे. दोन्ही बरोबर. फक्त जी सुरू केली तीच पूर्ण करायची, मधेच धेडगुजरी नको. चावलं गुरुवारी ७ तारखेला. सातवा दिवस गुरुवार १४. तो तू रात्री साडेनऊला जाऊन घेतलास, ऑफिसात कसलं तरी रिलीज होतं म्हणून, आणि तेही मी सहा वेळा फोन केल्यावर. एकविसावा दिवस गुरुवार, २८ तारीख. कालनिर्णयवर तिन्ही गुरुवारांना मी लाल पेननं गोल केलेत. दोनांवर फुली आहे.

गुरुवार लक्षात ठेवायला सोपा. त्याच सुमारास बकरी ईदची सुट्टी येते, तेव्हा दवाखाना चालू आहे का ते बुधवारीच विचारून ठेव.

आणि "जखम भरली की झालं" असं म्हणू नकोस. जखम भरणं वेगळं. ती तर आठवड्यात भरते. ते रेबीजचं विष शिरेनं नव्हे, मज्जातंतूवरून हळूहळू चढतं, दोन महिने, तीन महिने, कधी त्याहून जास्त. आणि एकदा लक्षणं दिसली की मग कुणाच्या हातात काही नसतं. म्हणून त्या आधी. तुम्ही लोक मोबाइलवर सगळं वाचता, मग हे का वाचत नाही? ट्रेकला गेलास तेव्हाही तेच, गुडघा सुजलेला आणि म्हणे स्प्रे मारलाय. स्वतःच्या शरीराबद्दल एवढी बेफिकिरी कुठून आली तुझ्यात? लग्न झालं असतं तर निदान कुणीतरी घरी...

झालं. पुन्हा सुरू झाले. वरचा परिच्छेद वाचू नकोस, किंवा वाच आणि सोडून दे. खोडणार होते, पण मग पान खराब दिसतं.

बापूमामाचं सांगते. तो फोटो देव्हाऱ्याशेजारी आहे एवढंच तुम्हाला माहीत, आणि कुत्रं चावून गेला एवढं. आजीनं तेवढंच सांगितलं कारण तिला तेवढंच माहीत होतं.

बहात्तरचा दुष्काळ पडला त्याच्या पुढचा उन्हाळा, १९७३. मी नऊ वर्षांची, बापू पंधराचा. आमचं गाव सिन्नर तालुक्यात, विहिरीत खडक दिसत होता. तात्या आणि आई खडी फोडायच्या कामावर. बापूच्या पोटरीला कुत्रं चावलं ते भल्या सकाळी, तो हंडा घेऊन चालला होता. सांजेपर्यंत त्याच कुत्र्यानं दोन गुरांना धरलं तेव्हा कळलं, पिसाळलेलं आहे. नाशिकच्या सरकारी दवाखान्यात चौदा इंजेक्शनं सांगितली. पोटात. रोज एक, चौदा दिवस. ती जुनी लस मेंढीच्या मेंदूपासून करायचे, वीसेक वर्षांपूर्वी ती बंदच केली. तात्यांचा रोज बुडवून चालणार नव्हतं, म्हणून बापू एकटा जायचा एसटीनं, आणि तो जातो की नाही बघायला सोबत मला द्यायचे. माझं अर्धं तिकीट.

पहिले दोन-तीन दिवस त्यानं दात आवळून घेतली. मग पोटावर गाठी यायला लागल्या, लाल, कढत. रात्री पालथं झोपता यायचं नाही. सहाव्या दिवशी सीबीएस स्टँडला उतरून तो माझा हात धरून उभाच राहिला. मग म्हणाला, "कमे, आज गोदावरी बघायची का?" आम्ही रविवार कारंज्यावरून चालत रामकुंडावर गेलो. पाणी थोडंच होतं, पण आम्ही किती दिवसांत एवढं पाणी बघितलेलं नव्हतं. बापू पाय सोडून बसला. पट्टी भिजली त्याची. परत येताना त्यानं मला उसाचा रस पाजला, बर्फ घालून, स्वतः घेतला नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घातली, घरी सांगायचं नाही. मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नदी. मग रोजच. चौदा दिवस पुरे झाले तेव्हा तात्यांनी गूळ वाटला.

जखम कधीच भरली होती.

आषाढात पाऊस आला. सगळं गाव बाहेर आलं होतं, पोरं नाचत होती. बापू आत भिंतीला टेकून बसलेला, अंगावर गोधडी, दोन दिवस ताप. आई म्हणाली, भावाला पाणी दे. मी तांब्याभर घेऊन गेले. वाऱ्याची झुळूक आली दारातून तर तो असा दचकला की मला वाटलं माझ्या मागे कुणी उभं आहे. तांब्या त्यानंच मागितला होता रे. दोन्ही हातांनी धरला. ओठापाशी नेला आणि त्याची मान अशी मागे ताठ झाली, गळा आवळल्यासारखा आवाज आला, तांब्या भिंतीवर. पाणी माझ्या परकरावर. आणि तो माझ्याकडे बघत होता. त्याला कळलं होतं. मला कळलं होतं. घरात आणखी कुणालाच कळलं नव्हतं.

पुढचं लिहीत नाही.

आईला मी सांगितलं नाही. तात्यांना नाही, तुझ्या बाबांना लग्नानंतर वीस वर्षांनी सांगितलं. आई शेवटपर्यंत म्हणायची, चौदा इंजेक्शनं घेऊनही माझं पोर गेलं, दैवच. मी मान हलवायची.

तेव्हा तू म्हणालास ते अगदी खरं आहे. तू बापू नाहीस. तू सीरम घेतलंस, साबणानं धुतलंस, तीन सुया झाल्या, आता पोटात नाही दंडात देतात, मुंगी चावल्यासारखं. डॉक्टरांनी मला तीनदा सांगितलं की काळजीचं कारण नाही, तिसऱ्यांदा तर फी घेतली नाही. माझी भीती तुझ्याबद्दलची नाही. किंवा आहे. फोनवर तू "खरचटलंय" म्हणालास ना, त्या एका शब्दानं मी रामकुंडावर जाऊन बसले. चावलं त्याचं एवढं नाही. लपवलंस त्याचं.

तूही मला घाबरवायचं नाही म्हणूनच लपवलं असशील. बापूनं पण मला रस पाजला होता.

असो. तुझ्यावर हे ओझं टाकायचं नव्हतं, पण आठ दिवस पीठ मळताना हेच डोक्यात होतं, आणि बोलायला गेले असते तर तू मधेच "आई, बास" म्हणाला असतास. पत्राला बास म्हणता येत नाही, हा एक फायदा.

अंतरपाट परवा परागच्या आईनं आणून दिला. इस्त्री करून, कागदात गुंडाळून. स्वस्तिकाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक तपकिरी ठिपका आहे, ज्वारीच्या दाण्याएवढा. तिला दिसलेला नाही. तुझा हात तिथे असणार. मी थंड पाण्यात भिजवला, साबण लावला, पूर्ण गेला नाही. वरच्या बाजूला माझ्या लग्नातल्या हळदीचा डाग आहे तोही पस्तीस वर्षांत गेलेला नाही. प्रेसमध्ये असते तर म्हटलं असतं, दोषपूर्ण. घडी घालून कपाटात ठेवला.

परागची आई एक सांगत होती. गुरुवारी दोन्ही दंडात सुया, शनिवारी मंगलाष्टकं. हात खांद्याच्या वर जात नव्हते तुझे, तिनं दुसऱ्या कुणाला धर म्हटलं तर तू ऐकलं नाहीस. भटजी व्हिडिओ कॉलवर नाशिकहून, तिकडे नेटवर्क जायचं, प्रत्येक अष्टक दोनदा, आणि तू वीस-पंचवीस मिनिटं पाट तसाच धरून उभा. मित्राला शब्द दिला होता म्हणालास. ती हे सांगत होती आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच गॅस पुसत बसले. तिला वाटलं मला राग आला.

तर अनारसे. तेहेतीस जावयांचे, ते काढून ठेवलेत, त्यांना हात लावायचा नव्हता. तुला वेगळे एकवीस. तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, पीठ गुळात चांगलं मुरलं, पण पहिला घाणा सगळा हसला तुपात. शोभामावशी म्हणाली, तुझं लक्ष कुठे आहे. ते हसलेले चार मी आणि बाबांनी खाल्ले. तुझ्यातले दोन जरा करपलेत, खालच्या थरात आहेत, ते आधी संपव. खसखस वर येईल असे ठेव, चिकटतात. बाजूच्या पिशवीत मेतकूट आहे आणि कुरडया, या वर्षी ऊन असं की सकाळी घातलेल्या दुपारी वाळत होत्या.

इथे कुंभमेळ्यासाठी रस्ते खोदून ठेवलेत, द्वारका चौकापर्यंत जायला तास लागतो. पुढच्या वेळी आलास तर बाबांना न्यायला बोलावू नकोस, रिक्षा कर, त्यांच्या मानेला धक्के सोसत नाहीत. पुढच्या वेळी ये म्हणजे. अधिक संपायच्या आत एखाद्या शनिवारी. आमरस राहिलाय तुझा. बाही लांब घालून आलास तरी वर करणार नाही.

एमिलीला म्हणावं, पैठणी ड्रायक्लीनला देऊ दे, घरी धुवू नको.

तुझी,
आई

ता. क. सगळे ग्रुप बघून मला उत्तर द्यायची गरज नाही. गुरुवारी त्या कागदावर शिक्का मारतील त्याचा फोटो काढून बाबांना पाठव. तारीख दिसेल असा, सावली पडू देऊ नकोस. ते मला दाखवतीलच.

ता. क. २. बुधवारी विचारून ठेव.